पटावरून नाव काढायचं नाही

आमच्या वाचनसंघाचा पहिला नियम असा की मुलाचं नाव सांगायचं नाही. शाळेचं गावही सांगायचं नाही. महिन्यातल्या एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून, आम्ही वीस-बावीस शिक्षक अड्याळला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतो. कोणीतरी एक जण आपल्या वर्गातल्या एका मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतो आणि त्याच उताऱ्याची झेरॉक्स सगळ्यांना वाटतो. फोन स्टीलच्या ताटात ठेवला की आवाज मोठा येतो. आम्ही ऐकत ऐकत कागदावर खुणा करतो. शब्द चुकला की तिरपी रेघ, मूल थांबलं की टिंब, शब्द गाळला की गोल. नंतर त्या मुलाला हुशार म्हणायचं नाही, ढ म्हणायचं नाही. खुणा काय सांगतात तेवढंच बोलायचं.

एवढ्यासाठी संघ कशाला, असं लोक विचारतात. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी प्रशिक्षणं आहेत, तक्ते आहेत, टाळ्यांची गाणी आहेत. नववीच्या बाकावर बसलेल्या, आवाज फुटलेल्या, ओढणी सावरणाऱ्या मुलांना वाचता येत नसेल तर ते काम कोणाचंच नसतं. हायस्कूल म्हणतं, खालून असंच आलं. खालची शाळा म्हणते, घरून असंच आलं. घर बिचारं कोणाकडे बोट दाखवणार? संघ म्हणतो, आपल्या वर्गात बसलं ना, मग आपलं. या एका वाक्यासाठी मी संघात गेले. नंतर याच वाक्यासाठी मी संघाशी भांडले.

भांडण माझ्या घरातच होतं. बाबा पवनीच्या एका छापखान्यात मशीनवर होते. शाई फुटलेले, वाकडे छापलेले, एका बाजूने कोरे राहिलेले कागद ते घरी आणायचे. आई त्यावर भाजी निवडायची आणि मी ते वाचायचे. धरणग्रस्तांच्या मागण्या, बिडी कामगारांच्या मागण्या, अंगणवाडी सेविकांचा मोर्चा, बोअरवेलची जाहिरात, झाडीपट्टीच्या नाटकांची गुलाबी हँडबिलं. पाठ्यपुस्तकाच्या आधी मी पत्रकं वाचली. चौथीत असताना मामाला पत्र लिहिलं, त्यात दिवाळीला काय काय आणायचं ते एक, दोन, तीन करून लिहिलं आणि शेवटी लिहिलं, मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. मामा ते पत्र अजून पाहुण्यांना दाखवतो. मला त्याची लाज वाटत नाही. कागदावर मागणी लिहिली की ती मागणाऱ्यापेक्षा मोठी होते, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता मी एका खासगी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास, तितकंच मी त्या शाळेची.

गेल्या वर्षी नववीची वर्गशिक्षिकाही मीच होते; त्या वर्गात एक मुलगी होती. गोसीखुर्दच्या पाण्यात जी गावं गेली त्यातल्या एका गावची. ती जन्मली तेव्हा गाव उठत होतं, आणि आता ते जिथं वसलं आहे त्याला सगळे नुसतं पुनर्वसन म्हणतात. तिथून ती मुलींच्या बसने यायची. वर्गात वाचायला कोण उभं राहतं, असं विचारलं की पहिला हात तिचा. पुस्तक दोन्ही हातांत धरून, मान थोडी वर करून, न अडखळता वाचायची. पान संपलं की उलटायची. तिचा आवाज असा होता की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा कुजबुज थांबवायची.

गेल्या जानेवारीत वाचन आणायची पाळी माझी होती. उतारा मुलाने आधी न पाहिलेला हवा, असा संघाचा नियम आहे. मी तो मोडला. पाठ्यपुस्तकातलाच एक उतारा घेतला, कारण मला दाखवायचं होतं. पुनर्वसनातली पोरगी, बाप नागपूरला बांधकामावर, आणि वाचते कशी पाहा. एवढं सगळं मला त्या ताटातल्या फोनमधून लोकांना ऐकवायचं होतं. मुलीचं नाव सांगायचं नव्हतं, पण माझं काम दिसायला हवं होतं. हे लिहिताना आजही हात थोडा अडतो, तरी लिहिते.

वाचन संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्याकडे टाळ्या पडत नाहीत, तरी पडल्या. फक्त अध्यक्षबाई कागदाकडे पाहत बसल्या. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत, आणि त्या कान देऊन ऐकतात तेव्हा एक डोळा मिटून घेतात.

"तुह्या कागदावर किती खुणा?" त्यांनी मला विचारलं.

"एकही नाही, बाई."

"माह्याबी नाही. म्हणून विचारून राहिली."

शेजारचे सर हसले. "बाई, तुम्हाले पोट्टं वाईट वाचते त पटत नाही अन् चांगलं वाचते त अजूनच पटत नाही."

"थांबा जी, सर." बाईंनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. कोरा होता. "हा उतारा म्या वाचला त दोन-तीन टिंबं पडतीन. चष्मा सरकते, डोळा एक ओळ खाली जाते, दम लागते. वाचणारा माणूस कुठं न कुठं अडखळते. हे पोरगी कुठंच अडखळली नाही." मग माझ्याकडे वळून, "तिले मधूनच वाचायले लाव. तिनं पाहिला नसन असा कागद दे."

मला राग आला. आपल्या पोरांनी चुकत वाचलं तर कीव आणि नीट वाचलं तर संशय, असं मी बसमध्ये बसल्या बसल्या मनात भाषण केलं. पवनी येईपर्यंत ते चांगलं तयार झालं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला वर्गात थांबवलं आणि पिशवीतून बाबांनी आणलेलं नाटकाचं हँडबिल काढून दिलं. तिने ते दोन्ही हातांत धरलं. मान वर केली. काहीच आलं नाही. कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

"हे कोन्त्या धड्यातलं आहे, मॅडम?"

"कोणत्याच नाही. नाटकाचं आहे. वाच."

"धड्यातलं नाई त मंग मी कसं वाचू?"

ती हे अगदी सरळ विचारत होती. मी शेजारच्या बाकावर बसले. हळूहळू तिने सांगितलं. बसमध्ये तिची मैत्रीण दुसऱ्या दिवशीचा धडा मोठ्याने वाचायची. दोनदा ऐकलं की हिच्या डोक्यात बसायचा. अक्षरं ओळखीची होती, पण ती एकमेकांना चिकटली, वरखाली काना-मात्रा आल्या, की तिच्या हाताला काही लागायचं नाही.

"आणि पान? पान तू बरोबर जागेवर कशी उलटतेस?"

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "ते त लहानपनापासून येते. विहारात नाई का, सारे पलटवतात तवा आपनबी पलटवाचं. मंग ध्यानात राह्यते कोन्त्या शब्दावर पलटवाचं ते."

मला माझी आई दिसली. दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून, वंदनेचं पुस्तक दोन्ही हातांत धरून, मान थोडी वर. बरोबर जागेवर पान उलटणारी. लहानपणी मी तिच्या मांडीला टेकून बसायचे आणि मला वाटायचं, माझी आई वाचते. तिची दवाखान्याची चिठ्ठी मला वाचावी लागायची, बसची पाटी मला वाचावी लागायची, तरी मला तसंच वाटायचं. इतकी वर्षं कोणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं. म्हणूनच ही मुलगी मला फसवू शकली. दुसऱ्या कुठल्या घरातून आलेल्या शिक्षिकेला कदाचित पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. मला ती पुस्तक धरायची पद्धत घरची वाटली आणि मी पुढे पाहिलंच नाही.

पाठांतराला मी हसणार नाही, आणि कोणी हसलं तर त्याच्याशी बोलणार नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पुस्तकाच्या सावलीला उभं राहू दिलं नाही, त्यांनी पुस्तक हातात धरून चारचौघांत मान वर केली, ही लहान गोष्ट नव्हती. पण तिथंच थांबायचं नव्हतं. आईच्या पिढीला थांबावं लागलं. या मुलीला थांबायचं कारण नव्हतं. तिच्यासमोर नऊ वर्षं शिक्षक उभे होते, आणि शेवटची मी.

त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत आम्ही वाचायला बसलो. मैत्रिणीने वाचून दाखवला नसेल असाच कागद हवा होता, म्हणून बाबांना सांगितलं. ते निवृत्त झालेत, तरी रोज छापखान्यात चहा प्यायला जातात. पिशवीभर रद्दी घेऊन आले. "कोणाले शिकवतेस?" म्हणाले. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातले मोठ्या अक्षरांचे कागद वेगळे काढून, कडा कापून दिले. मुलीला नाटकाची हँडबिलं सगळ्यांत आवडायची. कोणत्या गावात, कोणाच्या पटांगणात, स्त्री पात्रं किती, कौटुंबिक की विनोदी. "हृदयस्पर्शी" या शब्दापाशी आम्ही दोन दिवस होतो. सुटला तेव्हा ती म्हणाली, "एवढा जड शब्द कायले लिवते, मॅडम? रडू येते असं लिवाव ना."

ही झाली चांगली गोष्ट. वाईट गोष्ट मीच केली, आणि ती नियमाला धरून होती.

दोन वर्षांपूर्वी मी संघात एक सूचना मांडली होती. ज्या शाळेत आठवी-नववीतलं प्रत्येक मूल वाचतं, त्या शाळेला संघाने एक पाटी द्यावी. शाळेच्या दारावर लागेल, गाव वाचेल, बाकीच्या शाळांना चेव येईल. मी त्यावर पत्रकासारखा एक कागदही लिहिला होता. सगळ्यांना आवडला. त्यामुळे दर वर्षी वर्गशिक्षक एक तक्ता भरतात, वाचतो, अडखळतो, वाचत नाही. मग एका ठरल्या दिवशी दुसऱ्या शाळेचे दोन सभासद येऊन तपासतात. मी तक्त्यात त्या मुलीच्या नावापुढे आधी 'वाचते' लिहिलं होतं. ते खोडून 'वाचत नाही' लिहिलं आणि खाली सही केली. मला वाटलं, खरं लिहिलं की काम संपलं.

तक्ता मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला. फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, ही पोरगी त चांगली वाचत होती."

"पाठ म्हणत होती, सर. आता वाचायला शिकते आहे."

"केव्हापर्यंत शिकन?"

"वर्ष लागेल. कदाचित जास्त."

त्यांनी चष्मा काढला. ते वाईट गृहस्थ नाहीत. मुलांच्या बससाठी त्यांनी डेपोत स्वतः चकरा मारल्या आहेत. "पुढच्या वर्षी दहावी. आपला निकाल दोन साल शंभर टक्के आहे. तिच्या घरच्यांशी बोलून घेतो. एप्रिलात दाखला देऊ, मंग सतरा नंबर भरतीन."

बाहेरच्यांसाठी सांगते. सतरा नंबर म्हणजे दहावीला शाळेविना बसायचा फॉर्म. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी तो दरवाजा आहे, आणि त्या दारातून कितीतरी बाया, कामगार, सुना दहावी झाल्या आहेत. फॉर्मात खोट नाही. पण आपल्याकडे शाळा त्या दरवाजाचा उपयोग आतून बाहेर ढकलायला करतात. नववीतलं कच्चं मूल पटावरून काढायचं, दाखला हातात द्यायचा, म्हणजे ते नापास झालं तरी शाळेच्या निकालात मोजलं जात नाही. पुढे शिकवायला कोणी नाही, बस नाही, वर्ग नाही. शेतात धान रोवायचे दिवस आले की फॉर्म भरायचा राहतो. त्यानंतर त्या मुलीचं काय होतं ते शाळा विचारत नाही, कारण ती आता शाळेची नसते.

"आणि पाटीचंही होऊन जाईन," सर म्हणाले. "चालली म्हटल्यावर तक्त्यात तिचं नाव कायले ठेवाचं? बाकी सारे वाचतात."

तक्ता त्यांच्या टेबलावर उघडाच होता. पाटी माझी, सूचना माझी, तक्त्यातलं खरं अक्षरही माझं. एक मूल वाचत नाही म्हटल्यावर त्याला वाचायला शिकवायचं किंवा पटावरून काढायचं, हिशेब दोन्हीकडून सारखाच जुळत होता. ही वाट मीच करून ठेवली होती.

मी पुनर्वसनात जाऊन तिच्या आईला भेटले. त्या अंगणात बिड्या वळत बसल्या होत्या. मला बसायला बाज दिली, पाणी दिलं.

"सर आले होते जी," त्या म्हणाल्या. "म्हने परीक्षा तेच, सर्टिफिकीट तेच. बसचा तरास नाई. मंग काय बिघडलं?"

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालू होते. शेवटी म्हणाल्या, "तुमी म्हनता ठेवा, ते म्हनतात काढा. दोघंबी शिकलेले. मी कोनाचं आयकू?"

मी म्हणाले, "माझंही ऐकू नका. सही करायच्या आधी कागद पोरीकडून वाचून घ्या, एवढंच."

"तिले वाचता येते?"

"येईल तेवढं."

मार्चमध्ये संघाचं वार्षिक अधिवेशन भंडाऱ्याला झालं. आधीच्या बैठकीत चहाच्या वेळी मी सहज विचारत फिरले होते. तुमच्याकडे सतरा नंबरला कोणी गेलं का? कोणी हसले, कोणी विषय बदलला. एक सर म्हणाले, "आमच्या इथं त कच्चे सारेच जातात. तुमच्या इथं नवीन दिसते." पाट्या लागलेल्या शाळांपैकी काहींत असं झालं होतं. कोणी लपवतही नव्हतं. संघाच्या सभासदांनाच त्यात चूक दिसत नव्हती, मला जास्त भीती त्याची वाटली. आम्ही मुलाच्या एकेका टिंबावर अर्धा तास बोलायचो, आणि तेच मूल दाराबाहेर गेलं की आमचा कागद कोरा.

मी पत्रक लिहिलं. बाबांनी ते ओळखीने छापून आणलं. छापताना एक शब्द त्यांनी बदलला होता. मी 'निर्लज्ज' लिहिलं होतं, त्यांनी 'चुकीची' केलं. म्हणाले, शिवी वाचून माणूस कागद खाली ठेवते, मागणी त्याच्या खाली राहते. मी चिडले, पण ते चाळीस वर्षं पत्रकं छापत होते. मागणी एकच ठेवली. पाटीसाठी मुलं मोजताना जुलैच्या पटावरचं प्रत्येक नाव मोजावं. मधल्या काळात शाळेने दाखला दिला असेल तर ते मूल 'वाचत नाही' असंच धरावं.

सभागृहाच्या दारात उभी राहून मी ते वाटलं. एका मुख्याध्यापकांनी कागद घेतला, वाचला आणि म्हणाले, "मॅडम, हा संघ आहे का मोर्चा आहे?"

"मोर्चाला निदान कुठं जायचं ते ठाऊक असतं, सर."

आत चर्चा झाली. जे बोलले ते खोटं बोलत नव्हते. एक मॅडम म्हणाल्या, आईबाप मुंबईला, पुण्याला कामावर जातात, मूल बरोबर नेतात, त्याचा दोष शाळेला कसा? मी म्हणाले, ती मुलं दुसऱ्या शाळेत जातात, त्यांची नोंद मिळते. मी सतरा नंबरचं बोलते. एक सर म्हणाले, निकाल पडला तर पुढच्या वर्षी तुकडी बंद होईल, मग वाचायला शिकवायचं कोणाला? या प्रश्नाला मी आजही घाबरते. पण तेव्हा उभी राहून म्हणाले, ज्याला काढून तुकडी टिकवली, त्याला तर कोणीच शिकवलं नाही.

अध्यक्षबाईंनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "तुहं बरोबर आहे. पण हे पास झालं त अर्धे लोक उद्या संघ सोडतीन."

"सोडू द्या, बाई."

"तू सत्तावीस वर्षांची आहे. तुले 'सोडू द्या' म्हणता येते. म्या एकेक माणूस गोळा केला आहे."

हात मोजले. आम्ही हरलो, मोठ्या फरकाने. आमच्या बाजूच्या हातांत शेवटचा हात बाईंचा होता. त्यांनी तो उशिरा वर केला आणि मोजणी झाल्यावरही खाली घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवशी कोणी संघ सोडला नाही.

मग पाट्यांचं वाटप. त्या मुलीचं नाव वगळून सरांनी नवा तक्ता पाठवला होता; आमच्या शाळेचं नाव पुकारलं, वर्गशिक्षिकेने यावं म्हणून मला हाक मारली. मी बसून राहिले. दोनदा हाक मारली. शेवटी मुख्याध्यापक उठून गेले आणि पाटी घेऊन आले. ती लाकडाची, जड, रंग ताजा. त्यांनी ती स्कूटीवर पायाशी ठेवून नेली.

एप्रिलात निकालाच्या दिवशी मुलीची आई ऑफिसात आली. दाखल्यासाठी अर्ज लिहून तयार होता, फक्त सही करायची. मी वर्गाची निकालपत्रकं द्यायला आत गेले होते, तशीच कपाटापाशी उभी राहिले. शिपायाने शाईचा पेन पुढे केला. त्या माउलीला सही येते, शिकून घेतली आहे. तिने पेन धरला आणि थांबून पोरीकडे पाहिलं.

"वाच पाहू, काय लिवलं आहे."

"मी सांगतो ना, बाई," सर म्हणाले. "दाखल्याचा अर्ज आहे."

"सांगा जी, पन तिले वाचू द्या."

मुलीने कागद टेबलावर ठेवला. हातात धरला नाही. बोट ठेवलं आणि सुरू केलं. मान खाली. "मा... माननीय... मु... मुख्या..." तिथं ती थांबली, पुढे गेली, परत मागे आली. शाळेच्या नावापाशी अडली. तिच्या स्वतःच्या नावापाशी अडली नाही. पंखा फिरत होता. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मी मध्ये पडले नाही, एक अक्षरही सांगितलं नाही. दारात दुसरे पालक जमले होते. कोणीतरी म्हणालं, "अरे, दे ना इकडे, मी वाचतो." मुलीने मान हलवली आणि बोट पुढे सरकवलं.

"...आम्ही... आमच्या... मर... मर्जीने... मुलीला... शाळेतून... का... काढत... आहो."

"कोनाच्या?" आईने विचारलं.

मुलीने बोट एक शब्द मागे नेलं. "आमच्या मर्जीने. असं लिवलं आहे, माय."

आईने पेन टेबलावर आडवा ठेवला. आवाज चढवला नाही. "माही मर्जी नाई जी. मले कोनी विचारलंच नाई, मर्जी कुठून आली? तुमची असन त तुमी सही करा."

सर माझ्याकडे पाहू लागले. मी निकालपत्रकं त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तो अर्ज उचलला आणि घडी करून खणात टाकला. पालकाची सही नसेल तर तो कागद चालत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

जुलैत दहावीचा पट लिहिला तेव्हा तिचं नाव त्यात आलं. माझे तास यंदा कमी झाले आहेत. कारण विचारलं तर वेळापत्रक जुळत नाही म्हणतात. न जुळो. मधली सुट्टी वेळापत्रकात धरत नाहीत, आणि ती अजून माझी आहे. आता सात जण बसतात. बाकीचे सहा कोणी पाठवले नाहीत, आपणहून आले, दाराशी घुटमळत, "मॅडम, आमीबी" म्हणत. ती मुलगी आता एक पान वाचते, अर्धी सुट्टी घेऊन. इतिहासाचं पुस्तक तिला अजून झेपत नाही. मार्चमध्ये ती पास होईल असं मी कोणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.

संघात मी अजून जाते. यंदा तोच कागद पुन्हा छापणार आहे, त्याच मागणीसह. मागच्या बैठकीला आलेल्या एका मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या शाळेत सतरा नंबरला निघालेल्या दोन मुलांचे दाखले थांबवून ठेवले आहेत, पण हे कोणाला सांगू नका. मी म्हणाले, सांगणार, पण गावाचं नाव सांगणार नाही.

परवा मुख्याध्यापक वऱ्हांड्यात भेटले. पाटी त्यांच्या मागे भिंतीवर होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, समजा नापास झाली त?"

"तर आपल्या शाळेची मुलगी नापास झाली म्हणायचं, सर. पुढच्या वर्षी पुन्हा बसवायची."